बर्फावरची रेटारेटी आणि शिस्त: आइस हॉकी खेळणाऱ्या मुलांच्या पालकांचे वारंवार येणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक ओंटारिओतल्या मराठी पालकांचे आहेत, काही अमेरिकेतून आलेत, तर दोन-तीन थेट पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांचे. मी टीमची ट्रेनर, म्हणजे खेळाडूंची सुरक्षा आणि दुखापती पाहणारी, म्हणून बेंचवर उभी असते. त्यामुळे उत्तरांत नियमांबरोबर माझी मतंही येतील, आणि ती मतं आहेत हे वाचताना कळेलच. नियम मुख्यतः हॉकी कॅनडाचे, म्हणजे कॅनडातल्या या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचे, दिले आहेत. तुमच्या प्रांताच्या किंवा लीगच्या नियमावलीत वेगळं काही असेल तर तेच धरायचं.

१. नातू हॉकी खेळतो म्हणतात, पण व्हिडिओत तर पोरं एकमेकांना भिंतीवर आदळताना दिसतात. हा कुठला खेळ?

ही आइस हॉकी. आपल्याकडच्या मैदानी हॉकीत अंगाला अंग भिडलं की फाऊल. इथे ठराविक वयानंतर, ठराविक पातळीवर आणि ठराविक पद्धतीनं अंगावर जाणं हा खेळाचाच भाग आहे. रिंकभोवती बोर्ड्स म्हणजे भिंत असते. पक, म्हणजे खेळायची चपटी रबरी चकती, तिला आपटून परत येतो आणि खेळ थांबत नाही. छोट्या जागेत गोलकीपर धरून दोन्हीकडचे सहा-सहा जण धावत्या सायकलपेक्षा जास्त वेगानं फिरत असतात, त्यामुळे टक्कर अटळ असते. ती कशी व्हावी याचेच सगळे नियम आहेत. तुमच्यापर्यंत येणारे व्हिडिओ मात्र निवडून काढलेले असतात. आठ वर्षांच्या नातवाच्या सामन्यात तसं काही चालत नाही (प्रश्न ३).

२. बॉडी चेक म्हणजे नेमकं काय? कुठला धक्का चालतो आणि कुठला नाही?

पक ज्याच्याकडे आहे त्याच्यावर खांद्यानं, छातीनं किंवा कमरेनं जाऊन त्याला पकपासून वेगळं करणं म्हणजे बॉडी चेक. पक घेणं किंवा निदान सोडवणं, एवढाच त्याचा हेतू. समोरच्याला आडवं करणं हा हेतू नसतो, तो कधी कधी होणारा परिणाम असतो. बहुतेक पेनल्ट्या हा फरक विसरल्यामुळेच होतात.

स्टिक खाली, कोपर अंगाशी, स्केट बर्फावर आणि समोरचा तुम्हाला पाहू शकेल अशी दिशा, एवढं असेल तर चेक सहसा कायदेशीर ठरतो. लांबून वेग घेऊन किंवा उडी मारून गेलात तर चार्जिंग. असहाय स्थितीतल्या खेळाडूला बोर्डवर आदळलं तर बोर्डिंग. कोपर उचललं तर एल्बोइंग. पक नसलेल्याला अडवलं तर इंटरफिअरन्स. पक सोडून क्षण-दोन क्षण झाल्यावर मारलेला चेकही उशिराचाच, आणि मुलं सर्वांत जास्त तिथे सापडतात. ‘मी आधीच निघालो होतो, थांबता आलं नाही’ हे कारण रेफरी ऐकून घेत नाही. थांबता येणं हेही त्याच कौशल्यात मोडतं.

३. कोणत्या वयापासून बॉडी चेकिंग चालतं?

कॅनडात यू-१३ (१३ वर्षांखालील) आणि त्याखालच्या कुठल्याही गटात नाही. हा नियम २०१३-१४ च्या हंगामापासून देशभर लागू झाला. अमेरिकेनं दोन वर्षं आधी, २०११ मध्ये, हेच केलं आणि चेकिंग १४-यू गटापासून ठेवलं. पण यू-१५ मध्ये गेलं की आपोआप चेकिंग सुरू, असंही नाही. हाउस लीगमध्ये (सगळ्यांना खेळता येणारी स्थानिक लीग) आणि कमी पातळीच्या बऱ्याच रेप टीममध्ये (निवड चाचणीतून घेतलेल्या) ते मोठ्या वयातही नसतं. नोंदणी करताना असोसिएशनला सरळ विचारा: ‘ह्या गटात, ह्या पातळीवर चेकिंग आहे का?’

नियम बदलण्यामागे भावनेपेक्षा आकडे होते. पूर्वी अल्बर्टात ११-१२ वर्षांच्या मुलांना चेकिंग होतं आणि क्वेबेकमध्ये नव्हतं. कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली आणि ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अल्बर्टातल्या मुलांना कन्कशनचा, म्हणजे मेंदूला हादरा बसण्याचा, धोका तिपटीहून जास्त निघाला.

‘लवकर शिकवलं तर पुढे कमी लागतं’ असं जुने कोच म्हणायचे. संशोधकांच्या त्याच गटानं पुढे तेही तपासलं. आधी दोन वर्षं चेकिंग खेळून १३-१४ व्या वर्षी आलेल्या मुलांच्या एकूण दुखापती किंवा कन्कशन कमी नव्हते. आठवड्याहून जास्त बाहेर बसवणाऱ्या दुखापती मात्र त्यांच्यात कमी दिसल्या. म्हणजे जुन्या कोचांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. पण त्यासाठी अकराव्या वर्षी तिप्पट धोका घ्यावा, हे मला पटत नाही. तयारी करायला चेकिंगशिवायही रस्ते आहेत (प्रश्न ५).

४. माझा मुलगा यू-११ मध्ये आहे. चेकिंगला बंदी असून समोरच्यानं त्याला पाडलं आणि रेफरीनं काहीच दिलं नाही. असं कसं?

बॉडी चेक आणि बॉडी कॉन्टॅक्ट या दोन गोष्टी आहेत. एकाच दिशेनं पकमागे धावताना दोघांचे खांदे भिडले, किंवा जागा धरून उभ्या असलेल्या खेळाडूवर दुसरा येऊन आदळला, तर तो कॉन्टॅक्ट. तो सर्व वयांत चालतो. मुद्दाम अंग पुढे टाकून, जोर लावून समोरून किंवा बाजूनं घेतलेला तो चेक, आणि त्या वयात त्याला पेनल्टी आहे. पडणं हा निकष नाही. हलका मुलगा कायदेशीर कॉन्टॅक्टमध्येही पडतो. रेफरी पाहतो ते एवढंच की दुसऱ्यानं आपली धाव सोडून अंगावर दिशा वळवली का.

तरीही रेफरी चुकतात. यू-११ च्या सामन्यांना शिट्टी वाजवणारे बऱ्याचदा पंधरा-सोळा वर्षांचे असतात, हे ओरडण्यापूर्वी आठवावं (प्रश्न १५).

५. चेक मारायला आणि खायला शिकवतात कसं? सरावात नुसते धक्के मारायला लावतात का?

तसं करणारा कोच दिसला तर काळजी करा. हॉकी कॅनडाच्या पद्धतीत चार टप्पे आहेत आणि प्रत्यक्ष बॉडी चेक शेवटचा.

पहिला टप्पा जागा आणि कोन. कबड्डीत चढाईपटूला कोपऱ्याकडे दाबत नेतात ना, तसं पक असलेल्याला बोर्डकडे ढकलत न्यायचं, अंगाला हातही न लावता. माझ्या मते अर्धी बचावाची हॉकी इथेच संपते. मग स्टिकनं पक काढणं. मग बॉडी कॉन्टॅक्ट, म्हणजे खांदा लागला तरी तोल न जाऊ देणं. आणि मग चेक. पहिले तीन टप्पे चेकिंग नसलेल्या वयातही नियमानं शिकवता येतात आणि शिकवायलाच हवेत. यू-१३ संपताना मुलगा त्यांत कच्चा असेल तर पहिल्या चेकिंगच्या हंगामात तो एक तर घाबरतो, नाही तर आडदांडपणा करतो.

खायला शिकणं जास्त महत्त्वाचं, आणि त्याकडे दुर्लक्ष होतं. बोर्डपासून तीन-चार फुटांचा पट्टा सर्वांत धोक्याचा. तिथे मधोमध थांबायचं नाही. एक तर बोर्डला चिकटून राहायचं किंवा पुरेसं लांब. पक उचलायला जाण्याआधी खांद्यावरून मागे पाहायचं. आणि आदळणार असं वाटलं की डोकं वर. मान खाली घातली की मणक्याची नैसर्गिक बाकदार ठेवण सरळ होते, आणि डोक्यावर बसलेला जोर स्नायूंनी न शोषता थेट मणक्यात जातो. मानेखालचं अंग लुळं करणाऱ्या दुखापती अशाच होतात. हे एक वाक्य मुलाला पाठ असू द्या: डोकं वर.

६. आमचा मुलगा चणीनं लहान आहे. चेकिंगच्या पातळीवर न्यावं का?

तेराव्या-चौदाव्या वर्षी एकाच गटात ४० किलोचा आणि ७५ किलोचा अशी दोन्ही मुलं असतात. त्यात वयाची मोजणी १ जानेवारीपासून. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरातला यांच्यात जवळपास वर्षाचं अंतर, तरी गट एकच. वरच्या पातळीवर वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त दिसतात, त्यामागे हेही कारण आहे.

लहान चण हे नकाराचं कारण मी मानत नाही. मार्टिन सेंट लुई पाच फूट आठ इंच, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, त्याला कुणी घेतलंही नव्हतं. पण तो एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, गेला आणि सभ्य खेळासाठीची लेडी बिंग ट्रॉफी त्यानं तीनदा घेतली. मला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात: वेगात असताना मुलाची मान वर असते का? आणि त्याला स्वतःला खेळायचंय, की फक्त बाबांना? दुसऱ्याचं उत्तर त्याच्याकडूनच घ्या, गाडीत, शेजारी आईबाबांपैकी एकच जण असताना. एक हंगाम चेकिंग नसलेल्या गटात काढला म्हणून कुणाचं करिअर बुडाल्याचं मी पाहिलेलं नाही.

७. दोन मिनिटं, पाच मिनिटं, दहा मिनिटं, बाहेर… हे सगळं काय आहे?

मायनर म्हणजे दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये. त्या वेळात टीम एकानं कमी खेळते, आणि समोरच्यांनी गोल केला की मायनर तिथेच संपते. मेजर पाच मिनिटांची. समोरच्यांनी तीन गोल केले तरी ती पूर्ण भोगावी लागते. दहा मिनिटांच्या मिसकंडक्टमध्ये खेळाडू बसतो, पण टीमची संख्या कमी होत नाही. ही शिक्षा बहुधा तोंडाची असते. गेम मिसकंडक्ट म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. मॅच पेनल्टी किंवा ग्रॉस मिसकंडक्ट म्हणजे बाहेर, आणि पुढचं प्रकरण लीगकडे (प्रश्न १६).

८. मुलाचा खांदा चुकून समोरच्याच्या डोक्याला लागला. चुकून लागलं तरी पेनल्टी?

हो. २०११ पासून हॉकी कॅनडाच्या मायनर हॉकीत (म्हणजे मुलांच्या वयोगटांच्या हॉकीत) डोक्याला लागलेला अपघाती स्पर्शही दंडाला पात्र आहे. मुद्दाम असेल किंवा इजा झाली असेल तर शिक्षा वाढते. उंच मुलांच्या पालकांना हा नियम अन्यायाचा वाटतो, कारण त्यांचा खांदा लहान मुलाच्या हनुवटीच्या उंचीवर येतो. पण मग गुडघे वाकवून खाली जायला शिकायचं. ही जबाबदारी उंच मुलावरच टाकली आहे, आणि जाणूनबुजून टाकली आहे.

मागून चेक हा त्याहून गंभीर गुन्हा. तो बहुधा थेट सामन्याबाहेर काढतो. कॅनडात बऱ्याच मुलांच्या जर्सीवर पाठीमागे ‘स्टॉप’ लिहिलेली लाल पाटी असते, ती याचसाठी: पाठ दिसली की थांब. ‘त्यानं ऐन वेळी पाठ फिरवली’ ही पळवाट कधी कधी खरी असते, आणि चांगला रेफरी ती पाहतोही. त्यावर मुलानं भिस्त ठेवू नये.

९. ट्रेनरनं मुलाला सामन्यातून काढलं. तो म्हणतो मी ठणठणीत आहे. परत पाठवत का नाहीत?

हा प्रश्न मला तोंडावर विचारला जातो, तोही तावातावानं. कन्कशनची शंका आली तरी खेळाडू त्या दिवशी परत उतरत नाही. बेशुद्ध पडणं गरजेचं नाही, आणि बहुतेक मुलं पडतही नाहीत. डोकेदुखी, गरगरणं, उजेडाचा त्रास, एकच प्रश्न पुन्हा विचारणं, उगीच चिडणं, एवढं पुरे. काही लक्षणं तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतात.

ओंटारिओत तर हा कायदा आहे. ओटावाची रोवन स्ट्रिंगर ही १७ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये गेली. काही दिवसांत रग्बी खेळताना तिच्या डोक्याला एकामागोमाग मार बसले होते. तिच्या नावाचा ‘रोवन्स लॉ’ २०१८ मध्ये मंजूर झाला. हंगामाच्या सुरुवातीला तुम्ही न वाचता सही करता तो कन्कशनचा कागद यातलाच. २६ वर्षांखालील खेळाडूंनी तो दरवर्षी वाचायचा असतो, आणि अठराच्या आतल्यांच्या पालकांनीही.

परत येण्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि दोन पायऱ्यांमध्ये किमान २४ तास. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, मग हलकं चालणं, मग एकट्यानं स्केटिंग, असं चढत जायचं. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. धक्काबुक्कीच्या सरावाआधी डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनरची लेखी परवानगी लागते. आणि शाळा आधी, हॉकी नंतर. वर्गात तासभर लक्ष लागत नसेल तर रिंकवर काय लागणार?

१०. महागडं हेल्मेट घेतलं तर कन्कशन टळेल ना?

नाही. हेल्मेट कवटी वाचवतं. आत मेंदू हलायचा तो हलतोच. सीएसए या कॅनडाच्या मानक संस्थेचा शिक्का, नीट बसणारं माप आणि बंद हनुवटीपट्टा, एवढं पाहा. गळ्याचा गार्ड मायनर हॉकीत सक्तीचा आहेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या शेफील्डमध्ये ॲडम जॉन्सनचा स्केटनं गळा कापून मृत्यू झाला, त्यानंतर मोठ्यांनीही तो घालायला सुरुवात केली. उरलेल्या पैशांत स्केटिंगचा क्लास लावा.

११. मुलींच्या हॉकीत चेकिंग आहे का?

मायनर हॉकीच्या मुलींच्या गटांत नाही. कॉन्टॅक्ट मात्र भरपूर असतो (फरक प्रश्न ४ मध्ये). १९९० मध्ये ओटावात झालेल्या पहिल्या महिला विश्वस्पर्धेत चेकिंग होतं, नंतर ते काढलं. अलीकडे वारं उलटं फिरतंय. स्वीडनच्या महिला लीगनं २०२२-२३ पासून ते आणलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्येही बऱ्यापैकी चेकिंग चालतं. तुमची मुलगी १३ वर्षांची असेल आणि वरपर्यंत जायची जिद्द असेल, तर प्रश्न ५ मधले पहिले तीन टप्पे तिलाही तितकेच लागू आहेत.

मुलगी मुलांच्या टीममध्ये खेळत असेल तर त्या टीमच्या गटाचे नियम लागतात. सवलत नाही, आणि त्या मुलींना ती नकोच असते.

१२. टीव्हीवर मारामारी झाली की रेफरी बाजूला उभे राहून पाहतात. मग मुलांना का नाही चालत?

एनएचएलमध्येही मारामारी नियमानं ‘चालत’ नाही. पाच मिनिटांची मेजर मिळते. फक्त तिथे त्यानंतर परत खेळता येतं, म्हणून ती चालते असं दिसतं. मायनर हॉकीत मेजर आणि थेट बाहेर. अमेरिकेच्या कॉलेज हॉकीत हा सामना गेला आणि पुढचाही.

मधली पायरी म्हणजे मेजर ज्युनियर, १६ ते २० वर्षांची मुलं. तिथलं चित्र झपाट्यानं बदललं. ओंटारिओच्या ओएचएलनं २०१२ मध्ये हंगामाला दहा मारामाऱ्यांची मर्यादा घातली आणि २०१६ मध्ये ती तीनवर आणली. त्यापुढे प्रत्येक वेळी सस्पेन्शन. क्वेबेकच्या लीगनं २०२३-२४ पासून मारामारी करणाऱ्याला थेट बाहेर काढायला सुरुवात केली. त्यामागे प्रांतिक सरकारचा दबाव होता.

हेल्मेट काढून मारामारी करण्याची जी ‘मर्दानी’ रीत होती, तिची किंमत डॉन सँडरसननं मोजली. डिसेंबर २००८ मध्ये व्हिटबीकडून सीनियर हॉकी खेळताना मारामारीत त्याचं हेल्मेट निघालं आणि डोकं बर्फावर आपटलं. जानेवारीत तो गेला, वय २१. ओंटारिओतल्या जुन्या कोचांसमोर हे नाव काढलं की ते गप्प होतात.

१३. स्काउटना तर ‘टफ’ मुलंच हवी असतात ना? पेनल्टी मिनिटं कमी असली तर मुलगा मऊ समजतील का?

सर्वांत जास्त येणारा आणि सर्वांत जास्त गैरसमज असलेला प्रश्न.

स्काउटना, म्हणजे वरच्या टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, बोर्डजवळच्या झटापटीतून पक घेऊन बाहेर येणारा हवा असतो. गोलसमोर उभं राहून मार खाणारा आणि जागा न सोडणारा हवा असतो. मार खाऊन पुढच्या शिफ्टला (बर्फावरच्या पाळीला) तितक्याच वेगानं जाणारा हवा असतो. यातल्या कशालाही पेनल्टी लागत नाही. नुसती मारामारी करणाऱ्यासाठी एनएचएलच्या टीममध्ये पूर्वी एक जागा राखीव असायची. ती जवळजवळ संपली. तिथल्या मारामाऱ्या पंधरा वर्षांपूर्वीच्या निम्म्याहूनही कमी झाल्या आहेत. चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी खेळवल्या जाणाऱ्या, ओळीतल्या खेळाडूलाही आता स्केटिंग यावं लागतं.

पेनल्टी मिनिटांचा आकडा स्काउट पाहतात, पण त्याची फोड करून. बचावात गोल वाचवताना घेतलेली पेनल्टी माफ. समोरच्याच्या झोनमध्ये, दोनशे फूट लांब, पक गेल्यावर आळसानं स्टिक अडकवून घेतलेली पेनल्टी नाही माफ. तिचा अर्थ पाय थकले किंवा डोकं थकलं. सूड म्हणून घेतलेली तर मुळीच नाही. पहिला मारणारा सुटतो आणि दुसरा सापडतो, हे या खेळात जवळपास ठरलेलं आहे. त्यामुळे चलाख टीम समोरच्या तापट मुलाला सामनाभर डिवचत राहतात. मुलगा डिवचला जातो हे एकदा पसरलं की ते लीगभर पसरतं.

आणि मऊपणाबद्दल: एनएचएलचा महान खेळाडू वेन ग्रेट्झकीनं लेडी बिंग पाच वेळा घेतली. त्याला कुणी मऊ म्हणालं असेल, तर आज ते कुणाला आठवत नाही.

१४. एक चुकीचा हिट खरंच करिअर संपवू शकतो?

मारणाऱ्याचं आणि खाणाऱ्याचं, दोघांचंही.

ऑक्टोबर २००९ मध्ये ओएचएलमध्ये एरीच्या मायकेल लियाम्बसनं किचनरच्या बेन फॅनेलीला बोर्डवर आदळलं. फॅनेली १६ वर्षांचा, त्याच्या कवटीला फ्रॅक्चर झालं. लियाम्बस २० वर्षांचा, म्हणजे ज्युनियरचं त्याचं शेवटचं वर्ष. लीगनं त्याला उरलेल्या हंगामासाठी बाहेर काढलं, आणि त्याची ओएचएल तिथेच संपली. फॅनेली पुढे परत खेळला.

तीन महिन्यांनी क्वेबेकच्या लीगमध्ये पात्रीस कोर्मिए. हा मुलगा काही दिवसांपूर्वी ज्युनियर विश्वस्पर्धेत कॅनडाचा कॅप्टन होता. त्यानं मिकाएल ताम याला कोपर मारलं आणि ताम बर्फावर आकडी येऊन पडला. कोर्मिएला प्लेऑफसह उरलेल्या हंगामाची बंदी झाली, आणि पुढे कोर्टात गुन्हाही कबूल करावा लागला. रिंकमध्ये उतरणं म्हणजे वाट्टेल त्या माराला संमती, असं कॅनडाचं न्यायालय मानत नाही. व्यावसायिक हॉकीत टॉड बर्तुझीनं २००४ मध्ये स्टीव्ह मूरवर मागून हल्ला केला. त्यानंही कोर्टात गुन्हा कबूल केला. मूर पुन्हा एनएचएलमध्ये खेळला नाही.

ही उदाहरणं टोकाची आहेत. पण यातल्या कुणीही त्या सकाळी उठून असं काही करायचं ठरवलं नव्हतं.

१५. रेफरी ढळढळीत चुकीचा असला तरी स्टँडमधून काही बोलायचं नाही?

नाही. काचेवर थापा मारायच्या नाहीत. ‘अरे मार त्याला’ हे मराठीतून ओरडलात तरी इथल्या निम्म्या रिंकला स्वर कळतो. बऱ्याच ठिकाणी ‘रिस्पेक्ट इन स्पोर्ट’ हा पालकांचा कोर्स केल्याशिवाय नोंदणीच होत नाही. कोचशी बोलायचं असेल तर बहुतेक असोसिएशनमध्ये २४ तासांचा नियम असतो: सामना संपल्यावर एक रात्र जाऊ द्यायची. मी स्वतः तो नियम ४८ तासांचा केला असता.

१६. सस्पेन्शन झालं तर पुढे काय? अपील करता येतं का?

गेम शीटवर, म्हणजे सामन्याच्या अधिकृत नोंदपत्रकावर, नोंद जाते. नेहमीच्या प्रकरणांत सामन्यांची संख्या लीगच्या तक्त्यानुसार ठरते, गंभीर प्रकरणांत सुनावणी होते. अपील करता येतं, पण मुदत कमी असते, फी असते आणि ‘रेफरीनं नीट पाहिलं नाही’ हा मुद्दा सहसा टिकत नाही. प्रक्रिया चुकली असेल तर टिकतो. मोजणीत एक गोम आहे. साधारणपणे लीगचे सामनेच धरले जातात, मैत्रीपूर्ण सामना भरपाईत जात नाही. मॅनेजरकडून लेखी विचारून घ्या. सस्पेन्शन असताना मुलाला उतरवलं तर कोचवरही कारवाई होते.

१७. समोरच्यानं रंगावरून शिवी दिली, माझ्या मुलानं ठोसा मारला. बाहेर गेला तो माझाच. हा न्याय आहे?

नाही. पण ठोशाची शिक्षा शिवीमुळे माफ होत नाही, हेही खरं.

वंश, रंग, धर्म यांवरून बोलणं हे हॉकी कॅनडाच्या नियमात ग्रॉस मिसकंडक्ट आहे. रेफरीनं ऐकलं तर तो खेळाडू तिथेच बाहेर. अडचण तिथेच आहे, रेफरी बहुधा ऐकत नाही. म्हणून मुलाला आधीच शिकवून ठेवा: शिवी ऐकू आली की खेळ थांबताच कॅप्टनला किंवा बेंचवर सांगायचं. कोच रेफरीला सांगेल, रेफरी गेम शीटवर लिहील. त्याच रात्री कोण, कुठल्या नंबरचा, कुठल्या पिरियडमध्ये, नेमके शब्द काय आणि आणखी कुणी ऐकलं, हे कागदावर उतरवून असोसिएशनला पाठवा. गंभीर तक्रारींसाठी स्वतंत्र यंत्रणाही २०२२ पासून आहे.

‘दुर्लक्ष कर, मोठा हो’ हा आपल्या घरांमधला ठरलेला सल्ला कृपा करून देऊ नका. ठोसा मारू नये हे जितकं ठामपणे सांगता, तितक्याच ठामपणे तक्रार तडीस न्या. नाही तर मुलाला एवढंच कळतं की बाबांना फक्त सस्पेन्शनची लाज वाटली.

१८. कोचनंच सांगितलं, ‘जा, त्या नऊ नंबरला धडा शिकव.’ मुलानं काय करायचं?

नाही म्हणायचं. सोपं नाही, कारण बर्फावर वेळ देणारा तोच असतो. मुलानं तिथे वाद घालू नये. नऊ नंबरवर कायदेशीर, कडक चेक मारावा आणि परत यावं. बहुतेक वेळा कोचलाही तेवढंच हवं असतं. तो खरोखर इजा करायला सांगत असेल तर मामला पालकांनी हाती घ्यायचा: असोसिएशनला लेखी, आणि पुढच्या हंगामात दुसरी टीम.

१९. आणि सगळी टीमच बेंच सोडून मारामारीला उतरली तर? एकटा बसला तर गद्दार ठरेल.

बसायचं. बेंच सोडल्याची शिक्षा वेगळी आणि जड असते.

याचं सर्वांत मोठं उदाहरण मुलांच्याच हॉकीतलं आहे. ४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्तानी, ज्युनियर विश्वस्पर्धेचा शेवटचा सामना, कॅनडा विरुद्ध सोव्हिएत संघ. कॅनडा ४-२ नं पुढे होता, पदक नक्की होतं आणि सुवर्णही हाताशी होतं. मारामारी पेटली, दोन्ही बेंच रिकामे झाले. शेवटी आयोजकांनी स्टेडियमचे दिवे घालवले. पोरं अंधारातही थांबली नाहीत. दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. कॅनडाच्या बेंचवर पिएर तुर्जों बसून राहिला म्हणून सहकारी त्याच्यावर कितीतरी वर्षं चिडून होते. पुढे त्यानं एनएचएलमध्ये पाचशेहून जास्त गोल केले. आणि त्या रात्री बर्फावर असलेला ब्रेंडन शॅनहन २०११ मध्ये एनएचएलच्या शिस्त खात्याचा प्रमुख झाला आणि दुसऱ्यांना सस्पेन्शनं वाटू लागला.

२०. ओएचएलला जावं की अमेरिकन कॉलेजला? तापट मुलासाठी कुठलं बरं?

पूर्वी हा कायमचा फाटा होता. मेजर ज्युनियर खेळलात की एनसीएए, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा संघटनेचे सामने, बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएनं तो नियम बदलला आणि ऑगस्ट २०२५ पासून ज्युनियर खेळून कॉलेजला जाता येतं. आता प्रश्न वयाचा आणि तयारीचा राहिलाय. कॉलेजमध्ये पूर्ण जाळीचा मास्क, सामने कमी, मारामारीला शिक्षा कडक. ओएचएलमध्ये १६ व्या वर्षी २० वर्षांच्या पुरुषांसमोर उभं राहावं लागतं. तापट मुलाला दोन्हीकडे त्रासच होणार. जागा बदलण्याआधी त्याच्या रागाचं पाहा.

२१. ड्राफ्टच्या वर्षात मुलाला तीन सामन्यांचं सस्पेन्शन झालं. स्काउटना कळू द्यावं का?

त्यांना आधीच कळलंय. गेम शीट ऑनलाइन असते आणि स्काउट एकमेकांशी बोलतात. मुलाखतीत हा प्रश्न येणारच, आणि तिथे मुलगा काय बोलतो ते ऐकायलाच तो विचारतात. ‘रेफरी वाईट होता’ हे उत्तर ते दिवसातून दहा वेळा ऐकतात. काय केलं, का केलं आणि त्यानंतर सरावात काय बदललं, एवढं तीन वाक्यांत, स्वतःच्या शब्दांत. पालकांनी पाठ करून घेतलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, म्हणून तेवढं करू नका. आणि त्या तीन सामन्यांपैकी एखादा पाहायला कुणी स्काउट येणार असेल तर त्याला आधी कळवा. किंगस्टनहून तीन तास गाडी हाकत येऊन तुमचा मुलगा सूट घालून स्टँडमध्ये बसलेला पाहणं कुणालाच आवडत नाही.